समरी दाव्याचं समन्स आलंय आणि देणं मान्य नाही, तर लीव्ह टू डिफेंड कशी मागायची

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचं कुपवाडला हळद पावडरचं छोटं युनिट, सांगली मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याकडून हळकुंड घेतलं, तीन बिलं मिळून ११,४०,४५० रुपये. त्यातले ४ लाख तुम्ही आरटीजीएसनं दिले. तिसऱ्या लॉटच्या ४७ पोत्यांपैकी ३८ पोती ओली आणि किडकी निघाली म्हणून परत धाडली, व्यापारी म्हणतो माझ्याकडं काही परत आलंच नाही. सुरवातीला सिक्युरिटी म्हणून सही करून दिलेला कोरा चेक होता, त्यावर ७,४०,४५० भरून त्यानं बँकेत टाकला, तो बाऊन्स झाला, आणि आता समरी दावा, वर २४ टक्क्यांनी १४ महिन्यांचं व्याज, एकूण मागणी ९,४७,७७६. समन्स येऊन ८ दिवस झाले, कागदावर तारीख पुढच्या महिन्यातली दिसतेय म्हणून तुम्ही निवांत आहात, आणि विचारताय की ‘त्या तारखेला जाऊन आमची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, दिली तर चालेल ना?’

नाही चालणार. आणि निवांत अजिबात राहू नका, तुमच्याकडं जेमतेम दोन दिवस आहेत.

साध्या दाव्यात समन्स आलं की आपण वकील लावतो, मुदत घेतो, कैफियत देतो, मग मुद्दे निघतात, साक्षीपुरावा, सगळं आरामात चालतं. समरी दावा म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेतली ऑर्डर ३७, तिथं प्रतिवादीला बचाव करायचा हक्कच आपोआप मिळत नाही, तो कोर्टाकडून मागून घ्यावा लागतो, त्यालाच लीव्ह टू डिफेंड म्हणतात. ही भानगड पूर्वी मोठ्या शहरांतल्या कोर्टांपुरती होती, १९७६ च्या दुरुस्तीनं ती सगळीकडच्या दिवाणी कोर्टात आली, आणि आता तर आपल्याकडं चेकवर, हुंडीवर, प्रॉमिसरी नोटवर, बिलावर सर्रास असे दावे पडतात. व्यापाऱ्यांना वकील पहिलं हेच सुचवतात कारण समोरचा झोपला तर काही महिन्यात हुकूमनामा, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा निकाल, हातात.

आता ते दहा दिवस. यात लोकांचा हमखास घोटाळा होतो, कारण दहा दिवस दोनदा येतात. पहिलं समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत फक्त हजर व्हायचं, म्हणजे वकीलपत्र द्यायचं, पत्ता पुरसीस, म्हणजे नोटिसा कुठं पाठवायच्या तो पत्ता लेखी, द्यायची आणि हजर झाल्याची नोटीस त्याच दिवशी वादीच्या वकिलाला पोचवायची. एवढंच. इथं बचाव लिहायचा नसतो, कैफियत द्यायची नसते. तुम्ही हजर झालात की मग वादी दुसरा कागद बजावतो, त्याला समन्स फॉर जजमेंट म्हणतात, त्याबरोबर त्याचं शपथपत्र असतं की एवढी रक्कम येणं आहे आणि माझ्या मते यांना काही बचाव नाही. ते मिळाल्यापासून पुन्हा दहा दिवस, आणि त्या दहा दिवसांत लीव्हचा अर्ज शपथपत्रासह. समन्सवर ऑफिसनं पुढची तारीख टाकलेली असली तरी घड्याळ दहा दिवसांचंच चालतं. समन्स मिळाला तो दिवस सोडून मोजायचं, शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी. पण तेवढ्यावर विसंबू नका, उद्याच विजयनगरच्या कोर्टात जाऊन वकीलपत्र टाका.

एक बघून ठेवा, समन्सबरोबर दाव्याची प्रत आणि सगळे कागद आलेत का. नुसतंच समन्स टेकवून बेलीफ गेला असेल तर ती बजावणी कच्ची, आणि ते पहिल्याच दिवशी लेखी सांगून ठेवायचं. पण त्या जोरावर घरी बसायचं नाही.

उशीर झालाच तर कोर्ट माफ करू शकतं, पुरेसं कारण दाखवावं लागतं. हजर व्हायचा उशीर आणि लीव्ह मागायचा उशीर दोन्हीला ती सोय आहे. मात्र ‘तारीख पुढची होती म्हणून’ हे कारण मी स्वतः दोनदा मांडलंय, एकदा चाललं, एकदा जजसाहेबांनी माझ्याकडंच बघितलं.

विट्याकडचा एक क्लायंट होता माझा, गलाईच्या म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, दुकान तमिळनाडूत. समन्स गावाकडच्या घरी आलं, वडिलांनी सही करून घेतलं आणि देवघरात पंचांगाखाली ठेवून दिलं, पोरगा यात्रेला आला की देऊ म्हणून. पोरगा आला पाच महिन्यांनी, तोवर हुकूमनामा होऊन त्याच्या वसुलीची दरखास्त दाखल, जप्तीची नोटीस दारात. घरातल्या सज्ञान माणसानं घेतलेलं समन्स, ती बजावणी कायद्यानं चालते असंच वादीचं म्हणणं. अशा वेळी ऑर्डर ३७ च्या नियम ४ खाली हुकूमनामा रद्द मागता येतो, पण ‘विशेष परिस्थिती’ लागते, आणि सुप्रीम कोर्टानं २००३ साली रजनी कुमारच्या निकालात स्पष्ट केलंय की नुसतं मी का आलो नाही एवढं सांगून भागत नाही, माझ्याकडं बचाव काय आहे तेही त्याच अर्जात दाखवावं लागतं. आम्ही दोन्ही दाखवलं, हुकूमनामा रद्द झाला, पण निम्मी रक्कम कोर्टात भरायच्या अटीवर. पंचांगाखालच्या कागदाची किंमत निम्मी रक्कम.

आता मुख्य गोष्ट, शपथपत्र. इथं नव्वद टक्के अर्ज बिघडतात, आणि बिघडवणारे बऱ्याचदा आम्ही वकीलच असतो, जुना मसुदा काढायचा, नाव बदलायचं, ‘दाव्यातील मजकूर खोटा, लबाडीचा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही’ असं पानभर लिहायचं. साध्या दाव्याच्या कैफियतीत ते खपतं. इथं खपत नाही. कोर्टाला इथं एकच बघायचं असतं, हे प्रकरण साक्षीपुराव्यानं तपासण्यासारखं आहे का. तुम्ही खरे आहात हे आज सिद्ध करायचं नाही, पण खरे असू शकता एवढं कोर्टाला दिसलं पाहिजे, आणि ते नकारानं दिसत नाही, तपशिलानं दिसतं. तारीख, पोत्यांचा आकडा, कुणी नेली, कुणी उतरवून घेतली, त्या दिवशी संध्याकाळी कुणाला काय मेसेज केला.

कोर्ट कसं तोलतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे काय लिहायचं ते आपोआप कळेल. १९७६ चा मेकालेक इंजिनिअर्सचा निकाल आणि त्यानंतर २०१६ चा हबटाऊनचा, सुप्रीम कोर्टाचे हे दोन निकाल प्रत्येक लीव्हच्या युक्तिवादात दोन्ही बाजूंचे वकील काढतात. त्याचा अर्थ आपल्या भाषेत असा. बचाव भक्कम दिसला, तर विनाअट परवानगी. भक्कम नाही पण तपासण्यासारखा प्रामाणिक मुद्दा आहे, तरी साधारण विनाअटच. मुद्दा आहे पण माणूस खरं बोलतोय का याची शंका येतेय, तर अट, म्हणजे पैसे भरा किंवा तारण द्या नाहीतर ठरल्या मुदतीत केस चालवा. मुद्दा शक्य आहे पण पटण्यासारखा नाही, तर अट आणखी कडक, अगदी पूर्ण मुद्दल व्याजासकट भरा इथपर्यंत. आणि मुद्दाच नाही, नुसती टोलवाटोलवी, तर परवानगी नाही आणि तिथंच हुकूमनामा. २०२२ मध्ये बी. एल. कश्यपच्या निकालात सुप्रीम कोर्टानं पुन्हा सांगितलं की परवानगी देणं हा नियम आणि नाकारणं हा अपवाद. त्यामुळं घाबरायचं कारण नाही, पण ‘शंका येतेय’ या पायरीवर जायचं नाही, तिथंच तुमचे पैसे अडकतात.

आणि शंका कशावरून येते सांगू का. समन्स यायच्या आधी तुम्ही काय बोललात, काय लिहिलंत यावरून. समन्स आल्यावर कुणीही गोष्ट रचू शकतो हे जज रोज बघतो. म्हणून माल खराब होता ही गोष्ट तुम्ही दाव्याच्या आधी कुठं लिहिली, तो कागद सगळ्यात वर लावायचा.

तुमच्याबाबत मला चार प्रश्न पडतात, चारही कडू आहेत.

पहिला, चेक बाऊन्स झाल्यावर त्यानं नोटीस पाठवली असणार, चेक बाऊन्सच्या कलम १३८ ची. तिला उत्तर दिलं का? दिलं असेल आणि त्यात ३८ पोत्यांचा उल्लेख असेल तर तुमची निम्मी काळजी मिटली. उत्तर दिलंय पण त्यात लिहिलंय ‘व्यवहारच झाला नाही’, तर अवघड, कारण आता शपथपत्रात व्यवहार मान्य करून माल परत म्हणायला गेलात की दोन तोंडं होतात. उत्तरच दिलं नसेल तर का दिलं नाही ते शपथपत्रात प्रामाणिकपणे लिहा. आणि १३८ ची फौजदारी केस वेगळी चालू असेल तर तिथलं आणि इथलं म्हणणं शब्दाला शब्द जुळलं पाहिजे, दोन्हीकडं वेगळे वकील असतील तर त्यांना एका टेबलावर बसवा. फौजदारी चालू आहे म्हणून हा दावा थांबत नाही हेही लक्षात घ्या.

दुसरा, माल आल्यावर किती दिवसांनी तक्रार केली. विक्री कायदा म्हणजे १९३० चा सेल ऑफ गुड्स ॲक्ट, त्यात असं आहे की माल ठेवून घेतला आणि वाजवी वेळेत नाकारतोय म्हणून कळवलं नाही तर माल स्वीकारला असं धरतात. हळदीत वाजवी वेळ म्हणजे काय, तर आपल्याकडं पोतं फोडल्यावर हातात घेऊन हळकुंड मोडलं की आवाजावरून ओल कळते, किडीची भोकं डोळ्याला दिसतात, त्याला महिना लागत नाही. तीनचार दिवसांत फोटोसकट मेसेज गेला असेल तर उत्तम. दुसरं म्हणजे तुमचा सौदा नमुन्यावर झाला असणार, यार्डात नमुना बघूनच सौदा निघतो. नमुन्यावर विकलेला माल नमुन्यासारखाच निघाला पाहिजे ही त्याच कायद्यातली अध्याहृत अट आहे, म्हणजे लिहिली नसली तरी धरली जाते. नमुन्याची पुडी कुणाकडं राहिली का बघा, बरेच मिलवाले ती तारीख घालून डब्यात ठेवतात. आणि स्वीकारल्यावरसुद्धा खराबीपोटी किंमत कमी मागता येते, म्हणजे तो दरवाजा पूर्ण बंद नाही.

तिसरा प्रश्न जीएसटीचा, आणि इथं मी चांगल्या चांगल्या बचावाची वाट लागलेली बघितलीय. तुम्ही म्हणता ३८ पोती परत गेली. ३८ पोती, ५० किलोची, १९ क्विंटल, १४ हजार दरानं २,६६,००० आणि ५ टक्के जीएसटी धरून २,७९,३०० रुपयांचा माल. मग तुम्ही डेबिट नोट, म्हणजे परत मालाची रक्कम त्याच्या नावे टाकणारा कागद, काढली का? तिसऱ्या बिलावरचं पूर्ण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, घेतलं आणि परत गेलेल्या मालापुरतं उलटवलंच नाही, असं असेल तर वादीचा वकील तुमचा रिटर्न दाखवून एकच वाक्य बोलणार, साहेब यांनी सरकारला सांगितलंय सगळा माल आमच्याकडं आहे. आणि १ लाखाच्या वरचा माल राज्यातल्या राज्यात हलवला तरी ई-वे बिल लागतं. कुपवाडहून यार्ड हाकेच्या अंतरावर, टेंपोत टाकलं आणि नेलं, कोण ई-वे काढतंय, मला माहितेय. पण मग ते लपवू नका, शपथपत्रातच लिहा की स्वतःच्या टेंपोनं चलनावर नेला, ई-वे काढलं नव्हतं, आणि टेंपोच्या ड्रायव्हरचं वेगळं शपथपत्र जोडा. आपण सांगितलेली चूक आणि समोरच्यानं शोधलेली चूक यात फार फरक पडतो. रिटर्नचं काय दुरुस्त करता येतं ते तुमच्या सीएला आजच विचारा, मात्र मागच्या तारखेची डेबिट नोट काढू नका, प्लीज. पोर्टलला तारीख असते, सॉफ्टवेअरला एंट्रीची वेळ असते, आणि एकदा ते पकडलं गेलं की बाकीचं खरंही कोण ऐकत नाही.

यावरून आठवलं, २०१९ च्या महापुरानंतर आमच्याकडं एक फॅशन आली होती, ‘पावत्या पुरात वाहून गेल्या.’ खरंच गेल्या होत्या हो अनेकांच्या, गणपती पेठेतल्या दुकानात गळ्यापर्यंत पाणी, वह्यांचा लगदा झालेला मी डोळ्यांनी बघितलाय. पण एका बहाद्दरानं शपथपत्रात लिहिलं की पावत्या २०१९ च्या पुरात गेल्या आणि व्यवहार होता २०२० च्या डिसेंबरचा. समोरच्या वकिलानं काहीही युक्तिवाद केला नाही, फक्त दोन तारखा वाचल्या आणि बसला.

चौथा प्रश्न, आणि हा सगळ्यात महागाचा. ३८ पोती वजा केली तर बाकी काय? ७,४०,४५० मधून २,७९,३०० गेले की राहिले ४,६१,१५०. हे तुम्हाला देणं आहे का? तुमच्या मजकुरावरून तरी पहिल्या दोन लॉटबद्दल तक्रार दिसत नाही. मग नीट ऐका, कायद्यात असं आहे की मागणीतला काही भाग तुम्ही स्वतः देणं मान्य केला तर तेवढी रक्कम कोर्टात भरल्याशिवाय परवानगी मिळतच नाही. म्हणजे शपथपत्रात ‘आम्ही फक्त ४,६१,१५० देणं लागतो’ असं लिहिलंत की ती रक्कम भरायची तयारी ठेवा. यावर काही जण सल्ला देतात की मग मान्यच करू नका, सगळंच नाकारा. मी देत नाही तो सल्ला. कारण तुमचे स्वतःचे मेसेज असणार, ‘शेठ बाकीचे दिवाळीनंतर देतो’ असले, आणि ते दाव्याला जोडलेले असणार, मग सगळं नाकारलं की तुम्ही थेट शंकेच्या पायरीवर आणि कोर्ट सगळी ७,४०,४५० भरायला लावणार, व्याजासकटही लावेल. त्यापेक्षा खरी बाकी मान्य करा, ती भरा किंवा भरायला थोडी मुदत मागा, आणि ३८ पोत्यांच्या रकमेवर आणि व्याजावर विनाअट परवानगी मागा. कोर्टाला मागणीच्या काही भागापुरती परवानगी देता येते. मान्य रक्कम भरणाऱ्याचं बाकीचं म्हणणं जज वेगळ्या कानानं ऐकतो, माझा २४ वर्षांचा अनुभव.

आता तुमच्या पावडरच्या गिऱ्हाइकांनी माल परत केला, ऑर्डर गेली, त्याचं नुकसान ३ लाख म्हणताय. त्याचा कागद असेल, गिऱ्हाइकाचं पत्र, त्याची डेबिट नोट, तर तेही मांडा, त्याच व्यवहारातलं नुकसान आहे, बचाव म्हणून उभं राहू शकतं. नुसता तोंडी आकडा असेल तर टाकू नका. फुगवलेला आकडा खऱ्या आकड्यालाही खाली ओढतो, आणि तुमची खरी केस ३८ पोत्यांची आहे, तिच्यावर उजेड राहू द्या.

कोऱ्या चेकचं सांगतो. ‘चेक कोरा दिला होता, अक्षर माझं नाही’ हा बचाव लोकांना फार आवडतो. हस्ताक्षर तज्ज्ञ मागवा म्हणतात. उपयोग शून्याच्या जवळ. सही तुमची आहे, स्वखुशीनं दिलाय, मग रक्कम दुसऱ्यानं भरली म्हणून चेक वाया जात नाही, २०१९ च्या बीर सिंगच्या निकालात सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलंय. खरा मुद्दा असा मांडा की चेक सिक्युरिटीचा होता आणि ज्या दिवशी रक्कम भरली त्या दिवशी तेवढं देणं नव्हतं, कारण अमुक तारखेला ३८ पोती परत गेलेली होती. म्हणजे पुन्हा ती पोतीच. चेक देताना काही चिठ्ठी, मेसेज, ‘हा डिपॉझिटचा चेक’ असं कुठं लिहिलंय का बघा. आमच्या वडिलांच्या काळी हळद हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यात, आणि व्यवहार जिभेवर असायचा, पेवं २००५ च्या पुरात खराब झाली आणि जिभेचा व्यवहार त्याच्या आधीच संपला होता.

व्हॉट्सॲपचे मेसेज लावताना नुसता स्क्रीनशॉट प्रिंट करून चालणार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, वकिलाकडून ते करून घ्या. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, मेसेज पुसू नका, तुम्हाला अडचणीचे असले तरी.

व्याजाबद्दल. बिलाच्या तळाला बारीक अक्षरात ‘मुदतीनंतर द. सा. द. शे. २४ व्याज’ छापलेलं असतं, ते तुम्ही कबूल केलं होतं का, बिलावर तुमची सही आहे का, आधीच्या वर्षी त्यानं कधी व्याज लावलं होतं का, हे मुद्दे काढा. तीनचार वर्षांचा खातेउतारा असेल आणि त्यात एकदाही व्याजाची नोंद नसेल तर २,०७,३२६ चं हे व्याज तपासण्यासारखा मुद्दा होतो. याच्यावर बहुतेक वकील दोन ओळी लिहितात, मी एक पान लिहितो.

दाव्यातच काही खोट आहे का तेही आधी चाळायला हवं. दाव्याच्या शीर्षकाखाली हा ऑर्डर ३७ खालचा दावा आहे असं लिहिलंय का, ऑर्डरच्या बाहेरची कुठली मागणी केलेली नाही असं विधान आहे का, आणि प्रत्यक्षात गोदाम भाडं किंवा मानसिक त्रासाची भरपाई असलं काही घुसवलंय का. शिवाय मुदत, शेवटचा व्यवहार किंवा लेखी कबुली किंवा अंशतः पेमेंट यापासून तीन वर्षं, तुमच्यात तर १४ महिनेच झालेत, तो विषय सोडा. ज्यांचे व्यवहार २०२० च्या आसपासचे आहेत त्यांनी मात्र १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा कोविडचा काळ सुप्रीम कोर्टानं मुदतीतून वगळलाय हे विसरून ‘दावा मुदतबाह्य’ म्हणून उड्या मारू नयेत.

तुमच्या केसमध्ये एक तांत्रिक मुद्दा मात्र खरंच बघण्यासारखा आहे. दोन्हीकडं व्यापारी, मालाचा व्यवहार, रक्कम ३ लाखांच्या वर, म्हणजे हा कमर्शियल वाद. अशा दाव्यात दाखल करायच्या आधी मध्यस्थीला जाणं सक्तीचं आहे, तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागितला नसेल तर. २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की ही पायरी गाळून टाकलेला दावा कोर्टानं फेटाळायचा. तर आठवा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मध्यस्थीची नोटीस आली होती का? आली आणि तुम्ही गेला नसाल तर नॉन-स्टार्टर रिपोर्ट, म्हणजे मध्यस्थी सुरूच झाली नाही असा दाखला, लागलेला असेल, मग हा मुद्दा नाही. काहीच आलं नसेल तर दाव्याच्या कागदांत तो रिपोर्ट आहे का बघा. नसेल तर दावा फेटाळायचा वेगळा अर्ज द्या, पण त्याच्या भरवशावर लीव्हचा अर्ज थांबवू नका, दोन्ही बरोबर. फेटाळला तरी तो मध्यस्थी करून परत येणारच आहे, देणं काही पुसलं जात नाही.

हातउसने किंवा सावकारीच्या पैशावर समरी दावा पडलेले पण बरेच जण असतात, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे, कर्ज दिलं तेव्हा लायसन नसेल तर सावकाराला कोर्ट हुकूमनामा देत नाही. पण एखाद्यानं एकदाच मित्राला पैसे दिले म्हणून तो सावकार होत नाही, तो हा धंदाच करतो हे दाखवावं लागतं, त्यामुळं त्यानं इतर कुणाकुणावर असे दावे किंवा १३८ च्या केसेस टाकल्यात ते ई-कोर्ट्सवर नावानं शोधा आणि यादी जोडा. चेकवर दिलेल्या मोठ्या रकमांना त्या कायद्यात सूट आहे, ती आपल्याला आडवी येते का हे वकिलाकडून तपासून घ्या. प्रॉमिसरी नोट असेल तर तिच्यावर स्टँप आहे का बघा, विनास्टँपची नोट पुराव्यात घेत नाहीत.

समजा अटीवर परवानगी मिळाली, अमुक आठवड्यांत अमुक रक्कम भरा. ती तारीख चुकली की वादीला सरळ हुकूमनामा, मग बचाव कितीही चांगला असो. पैसे जमत नसतील तर मुदत संपायच्या आत वाढवून मागा, संपल्यावर नाही. रोख नसेल तर बँक गॅरंटी चालेल का हे युक्तिवादाच्या वेळीच विचारून ठेवा. अट अन्यायाची वाटली तर हायकोर्टात रिट करता येतं, पूर्वी त्यासाठी मुंबईच्या गाड्या धरायला लागायच्या, आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सांगली साताऱ्याची कामं तिथंच, सकाळी निघून संध्याकाळी घरी. परवानगीच नाकारून हुकूमनामा झाला तर मात्र अपील. आणि परवानगी मिळाली की लगेच कैफियतीचं घड्याळ सुरू, कमर्शियलमध्ये ३० दिवस, फार तर १२० पर्यंत, त्यापुढं एक दिवसही नाही, तिथं परत निवांत होऊ नका.

तडजोडीचं विचारलंत. ४,६१,१५० तुम्हाला द्यायचेच आहेत, त्यालाही १९ क्विंटल ओल्या हळदीवर तीनचार वर्षं साक्षीपुरावा नको असणार. पण हजर व्हायच्या आधी बोलायला जाऊ नका, ‘बसू की आठवड्यात’ म्हणत तो तुमचे दहा दिवस घालवेल, मी असं होताना बघितलंय. आधी वकीलपत्र, मग चहा.

आणि आज रात्री घरी गेल्यावर एक काम करा. माल परत नेला त्या दिवशी टेंपोचं वजन झालं असेल तर वजनकाट्याची पावती, आणि यार्डात पोती उतरवली तर हमालांनी हमाली घेतल्याशिवाय उतरवली नसणार, ती कुणी दिली, तुमच्या ड्रायव्हरनं की त्याच्या दिवाणजीनं, पावती असेल तर कुणाच्या नावावर आहे. ड्रायव्हरच्या डायरीत, टेंपोच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात, खर्चाच्या व्हाउचरला टाचलेली, कुठंतरी ती असते. दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि मूळ प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून उद्या वकिलाकडं न्या.